एका कपाचं पेटंट

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

म्युनिकहून हाउसलाडन वकिलांचा फोन. "किरबाखसाहेब, जे जे आठवेल ते रोज लिहून ठेवा. पेटंटच्या परीक्षणात कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही." म्हणून ही वही आणली. एरवी मी काही लिहिणारा माणूस नव्हे. मी आकृत्या काढतो.

तर, मी लोथार किरबाख. कारखाना बंद पडेपर्यंत घरगुती उपकरणांच्या विभागात इंजिनियर होतो. सध्या गावच्या शाळेचा केअरटेकर. बॉयलर पेटता ठेवायचा, अंगणातला बर्फ उपसायचा, पोरांनी मोडलेल्या खुर्च्या जोडायच्या. आज शिक्षकांच्या खोलीतला व्हिडिओ प्लेयर दुरुस्त केला. आत च्युइंगम होतं.

माझा अर्ज 'एका कपापुरती कॉफी आपोआप करण्याची पद्धत' यासाठी आहे. तो चार वर्षांपूर्वी दाखल केला. परीक्षक ताल्मायरबाईंनी पहिल्यांदा पंधरा हरकती काढल्या होत्या, आता एकच उरली आहे. त्यांचा प्रश्न असा: पहिला घोट पाणी घातल्यावर यंत्र थांबतं कशाला? सलग पाणी ओतलं तर काय बिघडतं?

चांगला प्रश्न आहे. बाई हुशार दिसते.

८ फेब्रुवारी, रविवार

आनेट आली होती. केमनिट्झला राहून ती दंतवैद्यांसाठी कवळ्या करायला शिकते. शेवटचं वर्ष. येताना बेकरीतून आयरशेके आणला, आणि आम्ही बापलेक दुपारभर केक खात बसलो. मी तिला ताल्मायरबाईंचा प्रश्न वाचून दाखवला.

"सांगा की मग, का थांबतं?" ती म्हणाली.

"वाटाण्यामुळे."

"काय?"

तिला कुठून माहीत असणार. तिचा जन्म नंतरचा. सत्याहत्तर साली आमच्या पूर्व जर्मनीच्या सरकारकडे कॉफी विकत घ्यायला परकीय चलन उरलं नाही, तेव्हा दुकानात मिश्रण आलं. निम्मी कॉफी, बाकी भाजलेली राय, जव आणि वाटाण्याचं पीठ. गरम पाणी पडलं की ते पीठ फुगायचं आणि गाळणीत लगदा होऊन बसायचा. हॉटेलांतली यंत्रं तुंबली, काही फुटली. आम्ही सॅक्सन माणसं कॉफीसाठी आधीच बदनाम. पातळ कॉफीला आम्ही 'फुलाची कॉफी' म्हणतो, कारण कपाच्या तळाशी रंगवलेलं फूल तिच्यातून स्वच्छ दिसतं. पण त्या वर्षी लोकांना फुलाच्या कॉफीचीही आठवण यायला लागली. ज्यांचे नातेवाईक पश्चिमेला होते त्यांच्या घरी खऱ्या कॉफीचं पार्सल यायचं आणि जिन्यात वास सुटायचा. शेजारी काही तरी निमित्त काढून दार वाजवायचे. आमचं कुणीही नव्हतं पश्चिमेला.

कारखान्यात हुकूम आला: हे मिश्रण ज्यातून उतरेल असं यंत्र करा. मी केलं, पण एका कपाचं. एका कपाला जेवढी भुकटी लागते तेवढीच, चमचाभरही वाया नाही. पाण्याचा एक छोटा घोट टाकायचा, मग थांबायचं. पीठ फुगून शांत होतं. मग पुढचा घोट. किती थांबायचं ते घड्याळावर नाही, कपावर ठरतं. कप एका पत्र्यावर ठेवलेला. घोट गाळून कपात उतरला की कप जड होतो, पत्रा एक खाच खाली जातो आणि वरची झडप पुढचा घोट सोडते. मिश्रण वाईट असेल तर थेंब हळू पडतात, मग यंत्रही आपोआप जास्त थांबतं. आणि गंमत म्हणजे खरी कॉफी घातली, तर याच पद्धतीनं ती अशी काही उतरते की आजच्या महागड्या यंत्रांच्या तोंडात मारावी.

आनेटनं विचारलं, "आई तेव्हा कुठे होती?"

"चाचणी स्वयंपाकघरात. तिथंच कामाला होती ना. चव बघायची."

"म्हणजे तिनंच सांगितलं असेल, की आता बरं झालं, आता नाही."

"चव ही मोजायची गोष्ट नव्हे," मी म्हणालो. "परीक्षक विचारतात ते तंत्राबद्दल."

जाताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे जेवता का नीट?" तिला वाटतं परीक्षणाच्या काळजीनं माझं जेवण सुटलंय. तसं काही नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एगोन ऊलिग येऊन गेला. कारखान्यात लेथ विभागाचा मुख्य होता तो. जुन्या कारखान्यातली एक शेड त्यानं भाड्यानं घेतली आहे आणि लिलावात गेलेली आपलीच दोन लेथ परत विकत आणली आहेत. पेटंट मिळालं की बँक कर्ज देणार, मग माझं यंत्र तिथं तयार होणार. गावात एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काही तरी तयार होईल.

"लोथार, तुझी ती बाई सही कधी करते?"

"सही नसते. निर्णय असतो."

"जे काय असतं ते. मी सहा जणांना शब्द देऊन बसलोय. त्यातला योखेन रोज दारात येऊन उभा राहतो, जणू मीच त्याला नोकरीवरून काढलंय."

यंत्राच्या वाट पाहण्याबद्दल ताल्मायरबाईंना द्यायचं माझं उत्तर हाउसलाडननी फार चांगल्या भाषेत लिहून पाठवलंय. त्यांच्या मते उन्हाळ्याआधी काम होईल. कारखाना पुन्हा सुरू झाला तर आनेटलाही इथंच काही तरी मिळेल. कवळ्या नाही, पण हात चांगला आहे पोरीचा, बारीक काम येतं. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

वाईट बातमी. पश्चिमेकडच्या एका बड्या कंपनीनं माझ्या अर्जाविरुद्ध पुरावा पाठवला आहे. तिसऱ्या कुणीही तो पाठवू शकतो, कायद्यात बसतं. दूरचित्रवाणीच्या जुन्या संग्रहातून त्यांनी एक फिल्म शोधून काढली. आमच्या वेळची, इकडची. त्यात माझं यंत्र आहे.

हाउसलाडन म्हणाले, "एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात दाखवली गेली म्हणे. तुमच्या कारखान्याचं चाचणी स्वयंपाकघर. एक बाई यंत्र चालवून दाखवतात. रोझविथा किरबाख. नात्यातल्या का?"

"माझी बायको."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुम्ही मला हे आधी सांगायला हवं होतं. अर्जाआधी जे जगासमोर आलं, ते नवीन राहत नाही. ते तुमचंच असलं तरी."

मी सांगितलं की ती फिल्म कधी दाखवलीच नाही. कापली होती.

"दाखवल्याचा दाखला जोडलाय त्यांनी. माझ्याकडे प्रत आली आहे. पाठवू का?"

नको म्हटलं. माझ्याकडे व्हिडिओ प्लेयर नाही.

१९ मार्च, गुरुवार

जे आठवेल ते लिहा, म्हणाले होते. तर लिहितो.

त्या वसंतात मला राखीव सैनिक म्हणून सरावाला बोलावलं होतं. दूर उत्तरेत, वाळूत. फोन नाही, पत्रं उशिरा. मे अखेरीस परत आलो तर रोझविथा स्टेशनावरच सुरू झाली, "लोथार, फिल्मवाले आले होते! तुझं यंत्र काढलं त्यांनी. आणि मला! मिशीवाला एक माणूस प्रश्न विचारत होता. शनिवारी संध्याकाळच्या कार्यक्रमात येणार म्हणाला."

पहिल्या शनिवारी तिनं शेजाऱ्यांना बोलावलं. फिल्मच्या वेळी घातलेला पट्ट्यांचा ब्लाउज पुन्हा घातला. मी म्हटलं, "टीव्ही तुला बघणार आहे का तू टीव्हीला?" तर म्हणाली, "एकमेकींची ओळख पटायला हवी." कार्यक्रम संपला, बातम्या लागल्या, फिल्म काही आली नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा. तोच ब्लाउज, तेच शेजारी. तिसऱ्या शनिवारी शेजारी आले नाहीत. ब्लाउज मात्र तोच. त्यानंतर तिनं तो कपाटात ठेवून दिला आणि म्हणाली, "कापलं असेल. कॉफीबद्दल कोण बोलू देतंय."

आणि त्या दाखल्याप्रमाणे फिल्म तर त्या आधीच, मे महिन्यातल्या एका कामाच्या दिवशी, सकाळी गृहिणींच्या कार्यक्रमात येऊन गेली होती. सगळं गाव तेव्हा कारखान्यात.

यंत्र पुढे बनलंच नाही. वरून कळवलं, खरी कॉफी परत येते आहे, आता गरज नाही. नमुना भंगारात गेला. रोझविथा चार वर्षांनी गेली, डोक्यातली शीर फुटून, धुणं वाळत घालताना. आनेट तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. तिला आईचा फक्त एप्रन आठवतो.

यातलं सुनावणीला काय उपयोगी पडेल, देव जाणे.

२४ एप्रिल, शुक्रवार

सुनावणीची तारीख आली. १३ मे, म्युनिक.

हाउसलाडननी फोनवर डावपेच समजावले. त्यांनी फिल्म अनेकदा पाहिली आहे. "चित्र धूसर आहे. यंत्राची आतली रचना कुठेच दिसत नाही. खाच नाही, स्प्रिंग नाही. म्हणजे सगळं तुमच्या पत्नी काय बोलतात त्यावर येऊन ठरतं. आणि बोलतात त्या, माफ करा, स्वयंपाकघरातल्या भाषेत. कप मागतो वगैरे. आपण म्हणू, बाई तंत्रज्ञ नव्हत्या, शिकवलेलं बोलल्या, त्यावरून कुठल्याही जाणकाराला यंत्र बांधता आलं नसतं. परीक्षक तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त दुजोरा द्यायचा."

"खोटं बोलायचं?"

"अहो, खोटं कुठं? मत आहे ते. तुमचं मत."

एगोनला सांगितलं. तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. रोझविथाला कुठे कळत होतं स्प्रिंग आणि झडप!" मी मान हलवली. यात चूक काही नाही. ती चव बघायची.

तरी दिवसभर बॉयलरच्या खोलीत बसून होतो. बॉयलर ठीक आहे.

३ मे, रविवार

आनेट आली. म्हणाली, "मीही येते म्युनिकला." म्हटलं तुझी परीक्षा जवळ आली आहे, काही गरज नाही, रुक्ष कायद्याचं काम. ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज आहे त्याच्यात. मला तो माहीतसुद्धा नाही."

मी म्हटलं की आवाज काही एवढा चांगला नसेल, जुनी फिल्म आहे.

ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. मग विचारलं, माळ्यावरची मोठी सुटकेस अजून आहे का. म्हटलं आहे, पण कुलूप बिघडलंय, दुरुस्त करून ठेवतो. कुठे सहलीबिहलीला जाणार असेल मैत्रिणींबरोबर.

१३ मे, बुधवार, म्युनिक

आगगाडी सुटायला वेळ आहे. स्टेशनावर एकटाच बसून लिहितो आहे, आनेटला आणलं नाही. समोर कागदी पेल्यात कॉफी आहे, सलग पाणी ओतून केलेली. कडू आणि पोकळ.

सगळं क्रमानं लिहितो.

खोली लहान. लांब टेबल, एका टोकाला टीव्ही. ताल्मायरबाई माझ्याच वयाच्या, केस आखूड, समोर माझा अर्ज, त्यात रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. आधी त्यांनी वाट पाहण्याच्या मुद्द्यावर माझं उत्तर मान्य असल्याचं सांगितलं. "फार सुंदर विचार आहे, किरबाखसाहेब. कपालाच ठरवू द्यायचं." मग म्हणाल्या, "आता फिल्म पाहू. संबंधित भागच लावते."

आधी नुसती मुंग्यांसारखी पांढरी खरखर. मग आमचं चाचणी स्वयंपाकघर. फरशी, मोठं घड्याळ, खिडकीतली ती जिरॅनियमची कुंडी, जिला कुणी पाणी घालायचं नाही आणि तरी ती जगायची. आणि रोझविथा. पट्ट्यांच्या ब्लाउजवर एप्रन. एवढी तरुण होती? मी तिला माझ्याबरोबर म्हातारी करत आणली होती मनात. ती तर आनेटपेक्षा थोडीशीच मोठी.

मिशीवाला म्हणाला, "काय करताय, सांगा प्रेक्षकांना."

"कॉफी करतेय. म्हणजे हे करतंय, मी नुसती बघतेय." तिचा तो आमच्याकडचा मऊ उच्चार. म्युनिकच्या त्या खोलीत तो कसा तरीच वाटला, आणि माझे कान लाल झाले. "हे बघा, आधी फक्त घोटभर पाणी. कॉफीला भिजू द्या, फुगू द्या. नवऱ्याला सकाळी उठल्याउठल्या काही विचारलं की कसा फुगून बसतो? तसंच. आता थांबायचं."

"किती वेळ?"

"ते आपण नाही ठरवायचं, कप ठरवणार. घोट उतरला की कप जड होतो, जड झाला की खाली बसतो, खाली बसला की मागतो. कप मागेल तेव्हाच यंत्र देणार. घाई केली की लगदा."

"हे डोकं तुमचं?"

"छे! आमच्या लोथारचं. मी नुसती नाक मुरडते. पण मी नाक मुरडलं नसतं, तर तो अजून घड्याळच लावत बसला असता."

इथं ताल्मायरबाईंनी फिल्म थांबवली. रोझविथा हसता हसता थांबली, तोंड अर्धं उघडं, हात यंत्रावर.

हाउसलाडन उभे राहिले. बोलले चांगलं. चित्रात यंत्रणा दिसत नाही. प्रसारण एकदाच झालं, क्षणभराचं. बोलणारी व्यक्ती स्वयंपाकघरातली मदतनीस, तांत्रिक शिक्षण नाही. 'कप मागतो' हा काव्यमय वाक्प्रचार असेल, तांत्रिक खुलासा नव्हे. पाठ केलेली वाक्यं, अर्थ न कळता म्हटलेली.

पडद्यावर ती तशीच होती. मला वाटत होतं की आता ती हाउसलाडनकडे बघून नाक मुरडेल.

ताल्मायरबाई माझ्याकडे वळल्या. "किरबाखसाहेब, तुम्ही स्वतः या क्षेत्रातले. त्या वेळच्या एखाद्या जाणकार माणसानं हे ऐकलं असतं, तर त्याला ही पद्धत कळली असती का? यंत्र बांधता आलं असतं का?"

हाउसलाडननी हळूच घसा साफ केला. मला एगोनची शेड दिसली, दारात उभा राहणारा योखेन दिसला. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता.

मी म्हणालो, "आलं असतं."

"नीट विचार करून सांगा."

"कप जड होऊन खाली बसतो म्हणजे खाली हलणारा पत्रा आला. बसल्यावर मागतो म्हणजे पत्रा झडप उघडतो. स्प्रिंग आणि खाच हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलालाही सुचलं असतं. तिनं काही सोडलेलं नाही. सगळं बरोबर आहे, आणि बरोबर क्रमानं आहे." मग, कुणी विचारलेलं नसताना, आणखी म्हणालो, "तिनं पाठ केलेलं नव्हतं. मी तिथं नव्हतोच शिकवायला. आणि घड्याळाचं ती म्हणते तेही खरं आहे. मी आधी घड्याळच लावत होतो."

हाउसलाडन खाली बसले.

ताल्मायरबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"तुमची पद्धत चांगली आहे, किरबाखसाहेब. पण ती जगाला आधीच सांगून झाली आहे."

"हो," मी म्हणालो. "तिनं सांगितली."

अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर हाउसलाडन एवढंच म्हणाले, "अपील करायला आता काही उरलेलं नाही, हे तुम्हीच पाहिलंत." रागावले नव्हते. वकील माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मी आजारी आहे आणि त्याला ते आत्ता कळलंय.

मी भावनेच्या भरात काही केलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. तांत्रिक प्रश्न विचारला, तांत्रिक उत्तर दिलं.

गाडी लागली.

१५ मे, शुक्रवार

एगोनच्या शेडवर जाऊन सांगितलं. तो लेथ पुसत होता, पुसतच राहिला.

"एक शब्द, लोथार. एक शब्द बोलायचा होता तुला."

"माहीत आहे."

"ती गेली त्याला पंधरा वर्षं होतील. तिला काय फरक पडत होता, कोण काय म्हणतं त्यानं?"

तो चिंधी फेकून बाहेर गेला. मी तिथंच उभा. वासरासारखा. यंत्रतेलाचा वास तोच होता जुना, आणि छपरातून पाणी ठिपकत होतं त्या कोपऱ्यात पूर्वी आमची जेवणाची टेबलं असायची. दुपारी तिथं रोझविथा चाचणीच्या कपांचा ट्रे घेऊन यायची आणि हाच एगोन म्हणायचा, "वहिनी, आज विष की औषध?"

थोड्या वेळानं तो परत आला. "मला सांग, आता ती बडी कंपनी यावर पेटंट घेऊ शकते?"

"नाही. कुणीच नाही. ते सगळ्यांचं झालं."

"म्हणजे आपण बनवलं तर कुणी अडवणार नाही?"

"नाही. पण आपली नक्कलही कुणी अडवणार नाही. आणि बँक—"

"बँकेचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "सहा माणसं नाही जमायची. योखेन आणि मी, दोघं. बेकरीवाल्या मुलीला दुकानात एक यंत्र हवंय, मागे म्हणाली होती. तू आकृत्या घेऊन ये सोमवारी." आणि माझ्याकडे न बघता, "गाढव आहेस तू. रोझविथा पण हेच म्हणायची."

म्हणायची खरी.

७ जून, रविवार

आनेटनं आज सांगितलं. तिला स्टुटगार्टला नोकरी मिळाली आहे, मोठ्या प्रयोगशाळेत. ऑगस्टपासून. करार फेब्रुवारीतच आला होता. सुनावणी होईपर्यंत तिनं मला सांगितलं नाही, आणि मी तिचं ते जेवणाचं विचारणं, सुटकेसचं विचारणं, सगळं भलतीकडेच नेलं होतं. मी म्हटलं, अभिनंदन. मग म्हटलं, कुलूप दुरुस्त करून ठेवलंय.

हाउसलाडनकडून फिल्मची कॅसेट आली होती. आठवडाभर तशीच टेबलावर पडून होती. चिठ्ठीत फक्त "तुमच्यासाठी" एवढं लिहिलेलं, बिल नाही. आनेटनं ती उचलली आणि म्हणाली, "बाबा, शाळेची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

रविवारची शाळा. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघं, खडूचा वास, पडदे ओढलेले. फिल्म लावली.

रोझविथा बोलायला लागल्याबरोबर आनेटनं माझी बाही पकडली. "ही माझ्यासारखी बोलते," ती म्हणाली. खरं तर उलटं आहे, पण मी दुरुस्त केलं नाही. नवऱ्याच्या फुगण्यावर ती मोठ्यानं हसली. ती आणि पडद्यावरची, दोघी एकाच वेळी हसल्या.

म्युनिकला जिथं थांबवली होती, तिथून फिल्म पुढे गेली. हा भाग मीही पाहिला नव्हता. कप भरला. मिशीवाल्यानं तो उचलून एक घोट घेतला, मान डोलावली आणि कप तिच्यापुढे धरला. "आता तुम्ही. एवढी मेहनत घेतलीत."

तिनं तोंड फिरवलं. "नको हो. वाससुद्धा नको."

"कॉफीच्या चाचणीवाल्या बाई आणि वास नको?"

"सध्या नको. मागच्या काही दिवसांपासून सकाळी नाहीच चालत." आणि हसली, एक हात एप्रनवर पोटाशी धरून. "येईल परत गोडी. वेळ लागेल जरा."

"हे विचित्र आहे," मी म्हणालो. "ही बाई कॉफी कधीच सोडायची नाही. तापातसुद्धा प्यायची. मिश्रणामुळे पोट बिघडलं असणार."

आनेट पडद्याकडेच बघत होती. "हे कधी काढलंय?"

"एप्रिलच्या शेवटी. मी सरावाला होतो."

"कुठलं साल?"

"एकोणऐंशी. सांगितलं की तुला."

"मी एकोणऐंशीच्या नोव्हेंबरातली आहे, बाबा."

"हो. मग?"

ती वळली. डोळे भरलेले, आणि तरी तोंडावर तेच हसू. "अहो इंजिनियरसाहेब. मग मीही आहे की इथं."

मी टीव्हीकडे बघितलं. मिशीवाला समारोपाचं काही तरी बोलत होता, मागे रोझविथा कप विसळत होती. मे अखेरीस स्टेशनावरून घरी येताना पुलावर तिनं मला सांगितलं होतं. फिल्मचं सगळं आधी सांगून झाल्यावर, हळूच. इथं तिला ते एकटीलाच माहीत होतं.

फिल्म संपली. मग मी फिल्म मागे घ्यायला लागलो. सवयीनं यंत्रापाशी थांबणार होतो.

"तिथं नको," आनेट म्हणाली. "पुढे. एप्रनवर हात ठेवते ना, तिथं."

तिथं थांबवली.